शिवलेली बसकरं

मोठ्या बाईंनी मला आपल्या टेबलाशी बोलावलं, तेवढ्यात गिरणीचा दुपारचा भोंगा सुरू झाला. तो संपेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नुसत्या उभ्या राहिलो. सोलापुरात ही सवय सगळ्यांनाच लागते. भोंगा चालू असताना बोलण्यात अर्थ नसतो.

भोंगा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "वकीलसाहेबांना जाऊन वर्ष होत आलं. कमिटीने ठरवलंय, आपल्या शाळेत त्यांचा दिवस करायचा. अध्यक्ष येतील, गावातली चार माणसं येतील. मुलींना आधीपासून त्यांच्या गोष्टी सांगून ठेवा, म्हणजे पाहुण्यांसमोर एखादी उठून नीट बोलेल. आता हे काम तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

वकीलसाहेब म्हणजे माझे यजमान. सारं गाव त्यांना याच नावाने ओळखत असे, आणि मीही इथे तेच वापरते आहे. त्यांचं खरं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. आमच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. फार तर सणासमारंभात उखाण्यात घेई, तेही लाजत, चारचौघींनी आग्रह केल्यावर. त्यांच्या मागे तर उखाणाही राहिला नाही.

त्यांची वकिली बेताची चाले. त्यांचा खरा जीव गिरणीच्या बाजूच्या वस्तीत होता. तिथल्या लोकांच्या मतांवर ते नगरपालिकेत निवडून आले, आणि पुढे शाळा कमिटीवर गेले. तिथे त्यांनी एकच गोष्ट लावून धरली : कमिटीच्या कुठल्याही शाळेत कुठल्याही मुलाला वर्गाबाहेर बसवायचं नाही. हा ठराव मंजूर व्हायला फार दिवस लागले. मंजूर झाला त्या रात्री ते घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "झालं एकदाचं. आता खरं काम सुरू." त्यानंतरच्या थंडीत तापाने ते गेले.

मागे ठराव राहिला, मी राहिले, सासूबाई राहिल्या आणि त्यांची पुस्तकं राहिली. त्या वर्षात मी शाळेतून आले की त्यांची पुस्तकं वाचत बसे. पेन्सिलीने खूण केलेली ओळ आली की थांबे. इथेच का खूण केली असेल, याचा विचार करता करता दिवेलागण होई. एक पुस्तक संपायला महिना लागे. मला घाईही नव्हती.

तेव्हा मोठ्या बाईंनी ते काम माझ्यावर सोपवलं, याचा मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. भीती वाटली. जे माणूस मी घरात एकटीने जपत होते, ते आता पन्नास मुलींच्या पुढ्यात ठेवायचं होतं.

आणि दुसरी अडचण वर्गाच्या दाराशीच बसलेली होती.

आमच्या शाळेत बाकं नव्हती. प्रत्येक मुलगी घरून आपलं बसकर आणी. बसकर म्हणजे गोणपाटाचा हातभर तुकडा. कुणाच्या बसकराला आईने तांबडी कड लावलेली, कुणाचं नुसतंच फाटकं. एकीचं बसकर दुसरीच्या बसकराला लागू द्यायचं नाही, मधे वीतभर फरशी मोकळी सोडायची, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. पण पहिलीतली पोरसुद्धा तो पाळी. कापडाला विटाळ लागतो, गोणपाटालाही लागतो, आणि एकाला लागला की शेवटच्या टोकापर्यंत जातो, हे सगळ्यांना घरातूनच ठाऊक असे.

महारवाड्यातली एक मुलगी चौथीत होती. तिचं बसकर व्हरांड्यात असे, दाराच्या चौकटीला टेकून. ठराव शाळेत पोचला तेव्हा मोठ्या बाई पेचात पडल्या. आत घ्यावं तर पालक मुली काढून नेतील, न घ्यावं तर कमिटी विचारील. शेवटी त्यांनी सुतार बोलावला आणि वर्गाच्या दाराचा उंबरा काढून टाकला. उंबरा गेला म्हणजे वर्ग आणि व्हरांडा एकच खोली झाली, आणि मुलगी आपोआप वर्गाच्या आत आली. त्यांनी तसं कमिटीला कळवलंही. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण ठराव पाळला.

मुलगी होती तिथेच राहिली. तिथून तिला फळा दिसत नसे. दाराच्या फळीआड अर्धा जाई, आणि उरलेल्या अर्ध्यावर उन्हाची तिरीप पडे. ती कानांनी शिके. कविता तिच्याइतकी स्वच्छ कुणी म्हणत नसे. पाढ्यात ती कधी चुकली नाही. पण पाटीवर अक्षर मात्र तिने आपल्या मनाने बनवलेलं असे.

मोठ्या बाईंनी काम सांगितलं त्याच आठवड्यात तिची आई मला शाळेच्या कोपऱ्यावर भेटली. ती गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर होती. पाळी सुटून तशीच आलेली. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू बसलेले. ती चार पावलं लांबच उभी राहिली.

"बाई, जरा थांबता का?"

"बोला की."

"वकीलसाहेबांचा दिस करनार म्हनं तुमी साळंत. त्या दिशी तरी माझी पोर आत बसंल का?"

मी वळून शाळेच्या व्हरांड्याकडे पाहिलं.

"न्हाय, त्याचं काय हाय," ती म्हणाली, "तिचा बा म्हंतोय, भाईरच बसायचं तर गिरणीत काय वाईट? तिच्याएवढ्या पोरी अर्ध्या पाळीला घेत्यात. म्या म्हनलं, वकीलसाहेबांच्या दिसापतूर दम धरा. त्या दिशी आत बसली तर साळा. न्हाय बसली तर दुसऱ्या दिसापासनं माज्यासंगट रिंग खात्यात."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" ती हसली आणि केसांवरून हात फिरवून तंतू दाखवले. "हे तिच्या केसात बसू न्हाय, एवढंच वाटतंय."

मी शनिवारच्या शिवणीच्या तासाला गोष्टी सांगायला सुरुवात केली. हात गुंतलेले असले की मुलींचे कान मोकळे राहतात. वकीलसाहेबांनी कुणाशी कसा वाद घातला, किती सभा घेतल्या, यातलं मी फारसं सांगितलं नाही. मला घरातलेच वकीलसाहेब ठाऊक होते.

मुलींना सगळ्यात आवडली ती पाण्याची गोष्ट. ते वस्तीतून परत आले की सासूबाई मागच्या दाराशी ऊन पाण्याची बादली ठेवत. आधी अंघोळ, मग घरात पाऊल. वकीलसाहेब आईशी भांडत नसत. बादली उचलत, परसातल्या कढीपत्त्याच्या झाडाला घालत आणि पुढच्या दाराने घरात येत. सासूबाईंनी पाणी ठेवायचं कधी सोडलं नाही, वकीलसाहेबांनी झाडाला घालायचं सोडलं नाही. आमच्या कढीपत्त्याइतकं दांडगं झाड पेठेत दुसरं नव्हतं.

"म्हणजे बाई, तुमच्या आमटीत त्यांच्या अंघोळीचा पाला?" विणकर साळ्यांची मुलगी ओरडली, आणि वर्ग हसून हसून वाकला. ही मुलगी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या रांगेत बसणारी. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हीत तोंड सारखंच चालू.

"ऊन पाण्यानं झाड मरत न्हाय व्हय?" बाहेरून, व्हरांड्यातून प्रश्न आला.

"आधी निवू देत असत," मी म्हणाले.

"मग तवर कुटं बसत?"

"बादलीशेजारी, पायरीवर. पुस्तक वाचत."

 मला वाटतं, त्या क्षणापासून वकीलसाहेब तिचे झाले. तेही काही वेळ बाहेर बसत होते.

मग एका शनिवारी साळ्यांच्या मुलीने ते काढलंच. "बाई, एवढ्या गोष्टी सांगता, पण त्यांचं नाव कुठं सांगितलंत? नाव घ्या की!"

"घ्या की बाई, नाव घ्या!" सगळा वर्ग सुरू झाला.

मी खडू घेतला आणि फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं. बोलायचं नाही असं होतं, लिहायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदाच माझ्या हाताने ते नाव लिहिलं गेलं. मुली ओठ हलवत वाचू लागल्या.

"बाई, काय लिव्हलंय?" व्हरांड्यातून आवाज आला. "हितनं दिसंना."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिला दिसत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. ज्या माणसाने ती आत यावी म्हणून शेवटची दोन वर्षं घालवली, त्याचं नाव तिच्यापासून चार हातांवर फळ्यावर होतं, आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"बाई, सांगा की!"

शेवटी साळ्यांच्या मुलीने मान वळवून मोठ्याने वाचून दाखवलं. बाहेरून तेच नाव, तितक्याच मोठ्याने, पुन्हा ऐकू आलं. त्या शनिवारी मी ठरवलं की कसंही करून तिला आत आणायचं.

त्या संध्याकाळी सासूबाई देवापुढे बसल्या होत्या, अंगाभोवती धाबळी गुंडाळून. ही लोकरीची धाबळी त्यांचं सोवळं. ती दोरीवर वाळत असली आणि माझा हात लागला तरी त्या रागावत नसत. लुगड्याला लागला असता तर पुन्हा धुतलं असतं.

मी विचारलं, "धाबळीला का चालतं हो?"

"लोकरीला विटाळ नाही," त्या जप न थांबवता म्हणाल्या. "रेशमाला नाही, लोकरीला नाही. एवढी पुस्तकं वाचतेस, आणि हे ठाऊक नाही?"

मी उठून वकीलसाहेबांची घोंगडी काढली. गावोगाव फिरताना अंथरायला म्हणून मंद्रूपच्या बाजारात एका धनगराकडून घेतलेली. काळी, जाड, लांबलचक. चार मुली तिच्यावर सहज बसल्या असत्या. जुन्यांचाच नियम, जुन्यांच्याच अंगावर. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, हे खरं.

मोठ्या बाईंनाही वाटलं. "वा! शास्त्रही राहिलं आणि ठरावही राहिला," त्या म्हणाल्या. तरी त्यांनी खात्रीसाठी मुनीमकाकूंना बोलावून घेतलं. पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या मुनिमांच्या या बायको. त्यांची मुलगीही उंच, शेवटच्या रांगेतली. काकूंनी एक शब्द टाकला असता तर निम्मी शाळा रिकामी झाली असती. त्यांनी घोंगडी उलटी केली, सुलटी केली, कडेचा एक धागा उपसला आणि म्हणाल्या, "काडेपेटी आहे का?"

धागा पेटवून त्यांनी नाकाशी नेला. केस जळाल्यासारखा वास वर्गभर पसरला. सूत जळालं तर असा वास येत नाही.

"लोकरच आहे," काकू म्हणाल्या. "बसू द्या. पण मधे सूत मिसळलेलं निघालं, तर मुलगी घरी नेईन."

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या रांगेत घोंगडी अंथरली. साळ्यांची मुलगी बसली, मुनीमकाकूंची मुलगी बसली. मी दाराशी गेले आणि म्हणाले, "चल, आत ये. ही तुझी जागा."

ती उठली. गेलेल्या उंबऱ्याच्या जागी फरशीत खाच राहिली होती, तिथे येऊन थांबली. तिने घोंगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, घोंगडीच का?"

"चांगली मोठी आहे म्हणून."

"न्हाय. काल त्या काकूंनी धागा जाळला, म्या बघितलं की." ती हळू बोलत होती, पण वर्गात सगळ्यांना ऐकू जात होतं. "लोकरीला विटाळ न्हाय म्हणून मी बसायचं. म्हंजी माझा विटाळ हायच. घोंगडीला लागत न्हाय, एवढंच. व्हय ना?"

मी काही म्हणायच्या आत ती पुढे म्हणाली, "वकीलसाहेबांनी पानी झाडाला घातलं. अंगावर न्हाय घेतलं." आणि मागे वळून आपल्या बसकरावर जाऊन बसली.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, भलतीच तोंडाळ पोर. त्यांचे हात वातीवरच थांबले.

"त्याला मी एकदा हेच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "अंघोळ नको तर नको, वस्तीतून आल्यावर नुसती माझी धाबळी पांघरत जा, म्हणजे माझंही राहील आणि तुझंही. तर मला म्हणाला, आई, पांघरली तर मी बाटलो होतो असं ठरेल." त्यांनी वात तशीच ठेवली. "किती वर्षांची आहे ती?"

"बारा असेल."

"अगदी त्याच्यासारखी बोलली," त्या म्हणाल्या, आणि वात पुन्हा हातात घेतली.

आता दिवस थोडे उरले होते, आणि माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती. पुढच्या शनिवारी मी मुलींना ते सरळच सांगितलं. घोंगडी घरी नेली आहे. तुमच्यातली एक बाहेर बसते, आणि ती आत आली नाही तर वकीलसाहेबांच्या दिवसानंतर गिरणीत जाईल. यावर काय करायचं ते मला सुचत नाही.

मुली रुमालाला कड घालत होत्या. सुया थांबल्या.

"गिरणीत? मग कविता कोण म्हणणार?" एकीने विचारलं.

साळ्यांची मुलगी आपलं बसकर उचलून उलटंपालटं पाहत होती. "बाई, आमच्यात मागावर ताणा तुटला तर गाठ मारत्यात. टाकून देत न्हाईत. हा शिवणीचाच तास हाय ना? रुमाल किती दिवस शिवायचे? ही शिवू की. समद्यांची एकत्र. एकच लांब पट्टी."

कुणी हसलं नाही. बसकरं एकमेकांना लागायचीसुद्धा नसत, आणि ही ती शिवायला निघाली होती. मी दाराकडे पाहिलं. बाहेरची मुलगी गुडघ्यावर उभी राहून ऐकत होती.

"तू बसशील?" मी विचारलं.

तिने नीट विचार केला. "समद्यांची शिवली तर बसंन. पर माझं कडंला न्हाय शिवायचं. मदी."

"मधे," साळ्यांच्या मुलीने मान डोलावली. "माझ्या शेजारी. दुसऱ्या अंगाला कोण?"

दुसऱ्या अंगाला कुणीच पुढे येईना. मुनीमकाकूंची मुलगी खाली मान घालून बसली होती. ही सहसा बोलत नसे. तिच्या बसकराला तांबड्या खणाची कड होती, सगळ्या शाळेत उठून दिसणारी. ती उठली, बसकर झटकलं आणि व्हरांड्यातल्या मुलीच्या गोणपाटाशेजारी फरशीवर टाकलं. टाकून लगेच दोन पावलं मागे सरली, जणू काही सांडलं होतं. मग म्हणाली, "माझं घ्या. पण आईला सांगू नका."

दाभण आणि सुतळी साळ्यांच्या घरून आली. आम्ही दोन तास शिवत होतो. मधेच मोठ्या बाई आत आल्या. दारापासून फळ्यापर्यंत पसरलेलं ते गोणपाट पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय चाललंय?"

"शिवणीचा तास," मी म्हणाले. 

त्या वाकल्या. तांबड्या खणाची कड आणि तिच्याशेजारचं फाटकं गोणपाट जिथे जोडलं होतं, तिथे त्यांनी बोट लावून पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"टाके मोठे पडलेत," त्या म्हणाल्या. "उसवून लहान घाला. पाहुण्यांपुढे सुटायला नको."

पट्टी तोवर गुंडाळून शाळेतच ठेवली होती. सोमवारी, वकीलसाहेबांच्या दिवशी, सकाळी अध्यक्ष आले, गावातली वकील मंडळी आली, पालक भिंतीशी उभे राहिले. सासूबाई टांग्यातून आल्या. त्या शाळेत येतील असं मला वाटलं नव्हतं. वर्गाच्या मधल्या भागात गोणपाटाची ती लांब पट्टी दुमडत दुमडत अंथरली होती, आणि चौथीच्या मुली तिच्यावर बसल्या होत्या. व्हरांड्यातली मुलगी मधोमध होती. धुतलेलं परकर-पोलकं, वेणीला तेल, आणि दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबलेले.

मुनीमकाकूंनी आधी मुलीला पाहिलं, मग तिच्या शेजारी कोण आहे ते. त्या भिंतीपासून निघाल्या आणि रांगेशी येऊन वाकल्या.

"ऊठ."

मुलगी उठली नाही.

"ऊठ म्हणते ना! बसकर घे आणि चल."

"निघत नाही, आई."

"निघत नाही म्हणजे?"

"शिवलंय."

काकूंनी वाकून तांबडी कड ओढली. सगळी रांग हलली. ओढ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि शेवटच्या मुलीनेही मागे वळून पाहिलं. टाके लहान होते. एकही सुटला नाही.

"मग राहू दे ते बसकर. तू चल."

"मग मी घरी कशावर बसू?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, तरी ती बसूनच राहिली. साळ्यांच्या मुलीला हसू आवरेना. तिने परकराच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबला.

"काय अडचण आहे?" अध्यक्षांनी खुर्चीतून विचारलं.

सगळी सभा काकूंकडे पाहू लागली. काकू सरळ झाल्या. "काही नाही," त्या म्हणाल्या, आणि मुलीकडे न पाहता, "घरी ये, मग बघते." त्या जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत तिथेच होत्या. निघून गेल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग दुसरं कुणीही पुढे आलं नाही.

मोठ्या बाईंनी मला खूण केली. मी व्हरांड्यातल्या त्या मुलीला उठवलं. आपल्या बसकरावर, रांगेच्या मधोमध उभं राहून तिने आधी वकीलसाहेबांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण, कुठे न अडखळता. वर्षभरात आमच्या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. सासूबाईंनी डोळे मिटले.

मग तिने गोष्ट सांगितली, पाण्याची. वस्तीतून येणं, बादली, पायरी, पुस्तक. "त्यांनी आईसंगं भांडण केलं न्हाय," ती म्हणाली. "पर एक थेंब अंगावर घेतला न्हाय. आता ते झाड एवढं मोठं झालंय." आणि तिने हात वर नेला, तिच्या डोक्यापेक्षा उंच. ते झाड तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तरी उंची बरोबर होती.

दारात, काढलेल्या उंबऱ्याच्या खाचेशी तिची आई उभी होती. पाळीवरून आली होती, का पाळी बुडवून, कोण जाणे. मुलगी खाली बसली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडावरून एकदा पदर फिरवला आणि गेली.

संध्याकाळी घरी आले, तर मागच्या दाराशी ऊन पाण्याची बादली. वर्षभर ती तिथे नव्हती. सासूबाई शेजारी पायरीवर बसलेल्या. दिवसभर त्या शाळेत, त्या गर्दीत बसल्या होत्या. आता अंघोळ करतील, असं मला वाटलं. मी आत जायला निघाले.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "निवलं नाही अजून."

मी त्यांच्या शेजारी बसले. पाणी निवायला वेळ लागला. मग त्यांनी बादली उचलली. मला हात लावू दिला नाही. कढीपत्त्याच्या बुडाशी सगळं पाणी ओतलं आणि पुढच्या दाराने घरात आल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत लवकर गेले. गिरणीचा भोंगा झाला. मी खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. बायकांचा लोंढा गिरणीकडे चालला होता, त्यात तिची आई होती, एकटीच. तिने शाळेकडे पाहिलं आणि भराभर पुढे गेली.

मुली आल्या. पट्टी अंथरली गेली. मुनीमकाकूंची मुलगीही आली, डोळे सुजलेले, पण आपल्या तांबड्या कडेवर येऊन बसली. मी फळ्यावर तारीख लिहायला वळले, तेव्हा मागून आवाज आला. तास चालू असताना पहिल्यांदाच तो दाराच्या बाजूने आला नाही, वर्गाच्या मधून आला.

"बाई!"

"काय गं?"

"फळ्याला वरच्या कोपऱ्यात तडा हाय की! केवढा मोठा! कुणी सांगितलंच न्हाय मला."